ऊठसूट ऑक्सिमीटर लावणं ही काळजी होती की भीतीला खतपाणी?

निशिगंध
२०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, आला आणि विलगीकरणातली माणसं ऊठसूट बोट घालू लागली. माझ्या मते ती काळजी नव्हती. ९७ टक्के दिसलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग शंका येते, बोट नीट बसलं होतं का? पुन्हा मोजायचं. अशाने मन शिकतं की मोजल्याशिवाय सुटका नाही. त्यात भीतीने हात गार पडतात, बोट थरथरतं, यंत्र ९१ दाखवतं. झालं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

खानदेशी
अजिबात पटलं नाही. त्या एप्रिलमध्ये खाटेसाठी मारामार होती. नाशिकला तर ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून दाखल झालेले रुग्ण दगावले. कोविडमध्ये दम न लागताही ऑक्सिजन उतरतो, म्हणून मोजत राहा असं डॉक्टरच सांगत होते. या भीतीला आजार ठरवणं म्हणजे व्यवस्थेचं अपयश घाबरलेल्या माणसाच्या माथी मारणं.

मात्रा
मोजूच नका असं कुणी म्हणत नाहीये. वेळा बांधून घ्यायच्या, दिवसातून चारदा. नेलपॉलिश पुसायचं, हात चोळून गरम करायचे, पाच मिनिटं शांत बसायचं, मधलं बोट घालायचं. पहिला आकडा कधीच धरू नका. मिनिटभराने स्थिरावतो तो वहीत लिहा. सहा मिनिटं चालून पुन्हा बघा. ९३च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला तर डॉक्टरला फोन. सावळ्या त्वचेवर यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, म्हणून वहीतला उतार महत्त्वाचा. एरवी यंत्र घरच्यांकडे ठेवायचं. मात्र धाप लागली, ओठ निळे पडले, तर आकड्याची वाट बघायची नाही.

खानदेशी
आणि दहा बाय दहाच्या खोलीत एकटा असलेल्याने यंत्र कुणाकडे द्यायचं?

निशिगंध
हा प्रश्न रास्त आहे. त्याने ते कपाटात ठेवावं, आणि मोजायची हुक्की आली की घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबावं. दोन दिवसांनी तीस. भीतीची लाट चढते तशी न मोजताही ओसरते, हे अंगाला कळावं लागतं, नुसतं सांगून भागत नाही. तेवढ्या वेळात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पण बरं होऊन महिना उलटला, तरी मोजणं सुटत नाही, झोप नाही, कामात लक्ष नाही, तर त्याला आजारच म्हणावं लागेल. त्यात कमीपणा कसला?

मात्रा
इथेच लोक अल्प्राझोलमवर, म्हणजे घबराट लगेच दाबणाऱ्या गोळीवर, जातात. शेजाऱ्याची अर्धी गोळी, मग रोज एक. काही आठवड्यांत सवय लागते, आणि एकदम बंद केली की घबराट दुप्पट होऊन परतते, क्वचित फिटही येते. चिंतेवर डॉक्टर देतात ती नेहमीची औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळतं, आणि नेमकी तेव्हाच माणसं ती सोडतात.

खानदेशी
डॉक्टर हे सांगेल तेव्हा ना! किती तालुक्यांत मानसोपचारतज्ज्ञ आहे? टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर सुरू झाला ऑक्टोबर २०२२मध्ये, लाट ओसरून वर्ष उलटल्यावर. त्या एप्रिलमध्ये गावातल्या माणसाच्या हाताशी ते यंत्रच होतं, आणि तुम्ही त्यालाच नावं ठेवताय.