साईडवेज बाजारात आयर्न कॉन्डॉर: नोकरदाराने या वाटेला जावे का?

गिरगावकर (मूळ मत): निफ्टी आठवडेच्या आठवडे चारशे-पाचशे अंकांत रेंगाळत, म्हणजे साईडवेज असताना ऑप्शनचे (ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याच्या मुदतबंद हक्काचे) प्रीमियम, म्हणजे किंमत, दररोज झिजत असते. ही झीज पदरात पाडून घ्यायची असेल, तर नोकरदाराने नुसते कॉल (खरेदीचा हक्क) व पुट (विक्रीचा हक्क) विकून न बसता, त्यांच्या पलीकडचे एकेक विकतही घ्यावेत आणि हे चारही लेग (व्यवहाराचे भाग) एकत्र घेऊन आयर्न कॉन्डॉर करावे, असे माझे मत आहे. कल्पित भाव धरतो. निफ्टी 25,000 वर असताना 25,300 चा कॉल 60 ला विकला, 25,500 चा 25 ला घेतला. खाली 24,700 चा पुट 55 ला विकला, 24,500 चा 25 ला घेतला. हाती 65 रुपये उरले. 2025 मधील 75 च्या लॉटवर (एका सौद्यातील किमान संख्या) कमाल नफा 4,875, कमाल तोटा 10,125, आणि एक्स्पायरीला (मुदत संपते त्या दिवशी) निफ्टी 24,635 ते 25,365 च्या दरम्यान राहिला, तर खर्च सोडून नुकसान नाही. तोट्याचा आकडा आधीच ठाऊक असल्यामुळे रात्री झोप लागते.

मुलुंडची वाचक: झोप लागेल, पण हिशेब जुळणार नाही. मिळणार 65 आणि जाणार 135, म्हणजे पूर्ण नफा किंवा पूर्ण तोटा असे ढोबळ धरले, तरी केवळ बरोबरीत सुटण्यासाठी शंभरात साधारण अडुसष्ट वेळा तुम्ही बरोबर ठरायला हवे. चार लेग घ्यायचे आणि चार सोडायचे, म्हणजे आठ ऑर्डर. प्रत्येकी 20 रुपये दलाली धरली तरी 160 गेले, शिवाय कर वेगळे. लांबच्या स्ट्राइकला (हक्काच्या ठरलेल्या भावाला) खरेदी-विक्रीच्या भावांत जे अंतर असते, ते तर कोणी मोजतच नाही. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात वायदे-ऑप्शनमधील 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. ते सगळे काही लॉटरीसारखे कॉल घेणारेच असतील, असे मला वाटत नाही.

दादरकर: दोघांशीही असहमत. कॉल-पुट विकून 115 रुपये घ्यायचे आणि त्यांतले 50 संरक्षणावर उधळायचे, हा कसला व्यवहार? साधे स्ट्रँगल (संरक्षणाविना फक्त वरचा कॉल व खालचा पुट) विकावे आणि बाजार एका बाजूला सरकू लागला की दुसरी बाजू जवळ आणावी. अनुभवी माणसाला विकत घेतलेल्या लेगची गरज पडत नाही.

गिरगावकर: दादरकर, जून 2024 चा लोकसभा निकालाचा आठवडा आठवून पाहा. शुक्रवारी, 31 मे रोजी निफ्टी 22,530 वर बंद झाला होता. सोमवारी तो 733 अंक चढला आणि मंगळवारी, 4 जूनला, 1,379 अंक कोसळून 21,884 वर आला. सोमवारी कॉल जड झाला म्हणून ज्याने पुट वर सरकवला, त्याला मंगळवारी दुसरी थप्पड बसली. गंमत अशी की गुरुवारी, 6 जूनला, एक्स्पायरीच्या दिवशी निफ्टी पुन्हा 22,821 वर होता, म्हणजे शुक्रवारी 22,000 चा पुट व 23,000 चा कॉल विकून जो जागचा हलला नाही, त्याचे दोन्ही लेग शून्य झाले. परंतु मंगळवारी दुपारी मार्जिनची (दलालाकडे ठेवायच्या अनामतीची) मागणी होत असताना उघड्या स्ट्रँगलवाला जागचा हलणार नाही, हे शक्य आहे का? ते 50 रुपये याच बसून राहण्याचे भाडे आहेत.

मुलुंडची वाचक: हा मुद्दा मान्य, आणि ‘दुसरी बाजू जवळ आणा’ या सल्ल्यावर माझेही ऐका. सव्वानऊला बाजार उघडतो, तेव्हा मी घाटकोपर-कुर्ल्याच्या मध्ये दारापासून तिसऱ्या रांगेत उभी असते आणि पर्समधला फोन काढायलाही हात वर येत नाही. एकदा कॉल खरेदी करून बंद केला आणि पुट सरकवायचा राहिला, तो थेट भायखळ्याला आठवला. तेव्हा स्ट्रँगलपेक्षा कॉन्डॉर बरे. पण मूळ प्रश्न नोकरदाराने करावे का, असा असेल, तर माझे उत्तर अजूनही नाही असेच आहे.

गिरगावकर: माझे उत्तर होय, पण दोन अटींवर. एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत पोझिशन ओढत नेऊ नये, कारण त्या दिवशी शंभर अंकांच्या हालचालीने 60 चा कॉल बघता बघता 150 होतो आणि विकलेल्या ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिनही लागते. आणि हे सारे निर्देशांकापुरतेच ठेवावे. शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी द्यावी-घ्यावी लागते, त्या भानगडीत पडू नये.