जिफला कला म्हणायचं? मग गुड मॉर्निंगचा गुलाबही फ्रेम करा!

रंकाळाकाठ:
काल एकानं लिहिलं, "जिफ, ती हलणारी चित्रं, म्हणजे टाइमपास. चित्रकार आबालाल रहमान यांच्या कोल्हापुरात त्याला कला म्हणताना लाज वाटली पाहिजे." डोकं फिरलं. आत्यानं पाठवलेल्या चमचमत्या गुलाबावरून आख्खा प्रकार मोडीत काढायचा? हा 1987 चा फॉरमॅट, एका फ्रेमच्या पॅलेटमध्ये रंग फक्त 256. त्यात रंकाळा तलावातला संध्यामठ करून बघा. मठ स्थिर, पाणी तेवढं हलतंय. मावळतीचं आभाळ एवढ्या रंगांत मावत नाही, पट्टे पडतात. ते मोडायला ठिपके पेरले की फाइल फुगते. वर चित्र लूपमध्ये परत परत फिरतं, म्हणून शेवटची फ्रेम पहिलीला अशी बसली पाहिजे की सांधा कळू नये. लाटेनं जरा उडी मारली की खेळ खल्लास.

तांबडापांढरा:
कष्ट पडले म्हणून कला? मग गुऱ्हाळावरचा गुळव्यापण चित्रकार. आबालालांनी रंकाळा रंगवला, तुम्ही व्हिडिओ कापलाय.

ब्रशवाला:
कॅमेऱ्याला नावं ठेवू नका, बाबूराव पेंटरांचं गाव आहे हे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं स्वतः कॅमेरा बनवला, 1920 साली 'सैरंध्री' सिनेमा काढला. यंत्रानं कला मारली म्हणायचं तर फ्लेक्सला म्हणा! माझे मामा पाट्या रंगवायचे. अक्षराला सावली अशी द्यायचे की हात लावून बघावं वाटायचं. फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यातच वाळले.

दादांचा कार्यकर्ता:
फ्लेक्सवर कशाला घसरताय? आमच्या गल्लीतली पोरं त्यावरच पोट भरत्यात. मामांनी कॉम्प्युटर शिकायचा हुता.

ब्रशवाला:
मामांवर जायचं काम नाही. तुझ्या दादांच्या मंडळाची पाटी त्यांनीच रंगवली, पैसे अजून यायचेत.

दादांचा कार्यकर्ता:
पुरावा दाखव, नाहीतर पोस्ट काढ!

रंकाळाकाठ:
अरे बाबांनो, धागा लूपचा आहे, उधारीचा नाही.

तांबडापांढरा:
चालू दे की, तुमच्या लूपपेक्षा हे भारी आहे. बरं, तो संध्यामठ बघितला. पाणी बरं हललंय, सांधा काय सापडला नाही. म्हणा कला, आमचं काय जातंय! पण व्हॉट्सअॅपवर धाडला तर तो व्हिडिओच होऊन येतो, मग तुमच्या त्या 256 रंगांचं काय?

दादांचा कार्यकर्ता:
मामांना ऑफिसला पाठव, बघतो. पाटी कुठली, कवाची, लिहून आणायचं.

ब्रशवाला:
लिहायचं काय त्यात? चौकातच आहे. तुझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकलाय तिच्यावर.