मदत हवी आहे: एनसीनंतर फ्रॅक्चर निघालं, ठाणे कोर्टात नेमका कोणता अर्ज?

मारहाणीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करत नाहीत) झाली: भारतीय न्याय संहिता 115(2), साधी दुखापत, अदखलपात्र, कमाल 1 वर्ष. नंतर एक्स-रेत करंगळीचं हाड मोडलेलं दिसलं. कलम 116 प्रमाणे ही गंभीर दुखापत, म्हणजे 117(2): 7 वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. (जामीनपात्रच आहे, अटकेचा हट्ट नाही, तपास मात्र व्हायलाच हवा.)

पोलिस स्टेशनला रिपोर्ट दाखवला, "कोर्टाची ऑर्डर आणा" म्हणाले. नागरिक सुरक्षा संहिता 173(4) खाली डीसीपींना रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज दिला. पोच आली, उत्तर नाही. एक्स-रे खासगी आहे. सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट त्याआधीचं, त्यात 'साधी' लिहिलंय.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे 174(2) चा (अदखलपात्र गुन्ह्याच्या तपासाच्या आदेशासाठीचा) अर्ज पुरेल की प्रतिज्ञापत्रासह 175(3) चा (दखलपात्र गुन्ह्याच्या तपासाच्या आदेशासाठीचा) करावा? आणि आधी सिव्हिलमधून सुधारित सर्टिफिकेट घ्यावंच लागेल का?