मदत हवी आहे: 'किल्ला लढवणे' इंग्रजीत कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. अकरावीतली भाची झाशीच्या वेढ्यावर इंग्रजीत निबंध लिहितेय. राणीची समाधी इथेच फूलबागेत आहे, लहानपणापासून तिथे डोकं टेकवत आलोय, त्यामुळे यातला एकही शब्द चुकू नये असं मला फार वाटतं.

'वेढा घातला'साठी तिने 'मेड अ सीज' लिहिलं होतं. ते 'लेड सीज टू' करून दिलं, तेवढं मला येत होतं. पुढे 'रेज द सीज' आलं. ती म्हणाली, "मामा, रेज म्हणजे उभारणं ना? मग वेढा सुरू झाला?" मीही क्षणभर अडखळलो. मग लक्षात आलं, आपल्याकडेही वेढा उठतोच की! हे तिला लगेच पटलं.

आता अडलंय ते दोन ठिकाणी.

मार्च १८५८ मध्ये ह्यू रोझने झाशीला वेढा घातला. तो उठवायला तात्या टोपे मोठी फौज घेऊन आले, पण १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा पराभव झाला. इथे 'रिलीव्ह झाशी' लिहावं की 'लिफ्ट द सीज'? माझ्या समजुतीप्रमाणे वेढा घालणारा स्वतःहून निघून गेला तरी 'लिफ्ट' चालतं, 'रिलीव्ह'मध्ये मात्र बाहेरून कुणीतरी मदतीला यावं लागतं. बरोबर आहे का? आणि 'ब्रेक द सीज' कितपत चालेल?

दुसरी अडचण जास्त टोचतेय. आतल्यांसाठी 'विदस्टूड द सीज' आणि 'हेल्ड आउट' सापडलं. पण त्यात नुसतं तग धरणं येतं. झाशीच्या बायका तोफांच्या मोर्च्यांवर राबत होत्या, दारूगोळा वाहून नेत होत्या, हे खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवलंय. आपण म्हणतो 'किल्ला लढवला'. दगडी तटसुद्धा माणसांबरोबर लढायला उभा राहिला, असं त्या एका क्रियापदात येतं. 'होल्ड द फोर्ट' सुचलं होतं, पण हल्ली ते कुणी रजेवर गेलं की मागे कामं सांभाळण्याला म्हणतात. राणीबद्दल ते लिहायला हात धजावत नाही. 'डिफेंडेड द फोर्ट' बरोबर असेल, पण फार कोरडं वाटतं.

एखादा नेमका शब्दप्रयोग कुणाला माहीत असेल तर पूर्ण वाक्यात वापरून दाखवा, म्हणजे तिला कळेल. निबंध सोमवारी द्यायचा आहे.