जुन्या प्रोजेक्शन टीव्हीवर वरून खाली सरकणारा काळपट पट्टा

मागवाला_इचलकरंजी

नमस्कार. आमच्याकडे ४३ इंची, तीन ट्यूबचा प्रोजेक्शन टीव्ही आहे. २००३ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर वडिलांनी घेतला होता. आता त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. नवीन पातळ टीव्ही आणून दाखवला, तर म्हणाले उजेड टोचतो. याच्यासमोर मात्र तासभर निवांत बसतात. त्यामुळे हाच चालू ठेवायचा आहे.

दिवाळीपासून पडद्यावर वीत-दीड वीत रुंद काळपट पट्टा वरून खाली सरकतोय. तळाला गेला की परत वरून सुरू. घड्याळ लावून बघितलं, एका फेरीला १२ सेकंद, कधी १५. शिवाय अक्षरांची लाल कड थरथरते. एका दुकानात विचारलं तर "ट्यूब गेल्या, भंगारात घाला" असं सांगितलं.

जोडणी अशी: केबलचा सेटटॉप बॉक्स पिवळ्या पिनने टीव्हीला, टीव्हीचा आवाज तीन पिनच्या जुन्या ॲम्पला (ॲम्प्लिफायरला). ॲम्प दिवाळीतच माळ्यावरून काढला. केबलची वायर बॉक्सला लावताना आताशा बोटाला झिणझिणतं, पण ते किरकोळ आहे.

डोंबिवलीकर

माझ्याकडे ठिपक्यांच्या आडव्या रेघा यायच्या, त्या स्वस्तातल्या एलईडी बल्बमुळे निघाल्या. पट्टाही होता. तो ॲम्पच्या प्लगची मोठी, म्हणजे अर्थची पिन काढल्यावर गेला. करून बघा.

सोल्डरगन (कोल्हापूर)

ती पिन काढू नका. काही झालं तरी काढू नका. डोंबिवलीकर, तुम्हीही तुमची परत बसवून घ्या. ॲम्पच्या आत उद्या फेजची, म्हणजे करंटची वायर बॉडीला टेकली तर माणसाला वाचवणारी तेवढी एकच वायर असते.

मागवाले, झिणझिणणं किरकोळ नाही. मला तर तुमचा आजार तिथेच दिसतोय. पट्ट्याचं आधी सांगतो. आपल्याकडचं चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली आखलं जातं, आणि मेन्स, म्हणजे घरात येणारी वीजही सेकंदाला ५० सायकलची. पण मेन्स नेमकी ५० कधीच नसते, ४९.९ च्या आसपास हलत राहते. त्या एवढ्याशा फरकामुळे पट्टा सरकतो. ४९.९ असेल तर बरोबर १० सेकंदांत एक फेरी. तुमचे १२ आणि १५ त्याच हिशोबात बसतात. पट्टा एक असेल तर ५० सायकल थेट सिग्नलमध्ये शिरलेत, म्हणजे अर्थिंगकडे बघायचं. दोन पट्टे असते तर १०० सायकल, म्हणजे टीव्हीच्याच पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुकलाय असं मी म्हटलं असतं.

आता रिमोटवरून मेनू उघडा आणि पट्टा मेनूच्या अक्षरांवरून जातो का ते बघा. मेनू टीव्ही स्वतः तयार करतो. अक्षरं स्वच्छ असतील तर घाण बाहेरून येतेय. मग केबलची वायर बॉक्समधून काढा आणि टीव्हीला डीव्हीडी लावून बघा.

लाल कडेचं दुखणं वेगळं, त्याची यात सरमिसळ करू नका. या टीव्हीत लाल, हिरवी, निळी अशा तीन ट्यूब आपापलं चित्र टाकतात आणि ती पडद्यावर एकमेकांवर बसवावी लागतात. या बसवण्यालाच कन्व्हर्जन्स म्हणतात. मेनूत ते उघडलं की क्रॉस येतो. त्यातली फक्त लाल रेघ थरथरत असेल तर ट्यूब गेलेली नाही, कन्व्हर्जन्सचा आयसी (चिप) किंवा त्याच्याजवळचे रेझिस्टर थकलेत. मात्र मागचं झाकण स्वतः उघडू नका. आत ३० हजार व्होल्टच्या घरात खेळ असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही वेळ राहतो.

मागवाला_इचलकरंजी

काका, मेनूची अक्षरं एकदम स्वच्छ. पट्टा त्यांच्या मागून जातो, अक्षरांना हात लावत नाही. केबल काढून डीव्हीडी लावली, पट्टा गायब. केबल परत लावली, पट्टा हजर. मग केबल तशीच ठेवून ॲम्पचा प्लग काढला, तरी गायब! क्रॉसमधली लाल रेघच हलते, निळी आणि हिरवी ढिम्म.

सोल्डरगन (कोल्हापूर)

मग तुमच्या घराचा अर्थ तुटलेला आहे. ॲम्पच्या आत मेन्स फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांची थोडी गळती अर्थमधून जमिनीत जायला पाहिजे. तिथे वाट बंद झाली की ती आवाजाच्या वायरमधून टीव्हीत येते, पिवळ्या पिनच्या वायरीतल्या तारेच्या जाळीतून बॉक्समध्ये आणि तिथून केबलच्या जाळीतून बाहेर गल्लीत. वाटेत चित्रात ५० सायकल मिसळतात. तुमचं बोट त्याच वाटेत येतं, म्हणून झिणझिणतं. उद्याच वायरमनला बोलवा. केबल काढून ठेवून त्या सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये मीटर लावायला सांगा. २३० व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे.

मागवाला_इचलकरंजी

११२ दिसले.

वायरमनने बोर्ड खोलला, तिथे हिरवी वायर शाबूत होती. मग आम्ही यंत्रमागाच्या शेडमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलो. पट्टीला वायर धरणारा नटबोल्ट गंजून त्याचा चुरा झाला होता, वायर नुसती टेकून उभी होती. आमचे चार मागही त्याच अर्थवर आहेत. शेडमध्ये दिवसभर लोक लोखंडाला हात लावून काम करतात, ते आठवून माझ्या पोटात खड्डा पडला. त्या दिवशी मेन स्विच पाडला आणि काम झाल्यावरच वर केला. नवीन पट्टी, नवे बोल्ट, खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी. त्यानंतर फेज-अर्थ २३१. बोटाला काही लागत नाही, आणि ॲम्प, केबल, टीव्ही सगळं जोडूनही पट्टा नाही.

वडिलांना मी काही बोललो नव्हतो. संध्याकाळी बातम्या लागल्यावर तेच म्हणाले, "आज मधे कोण आडवं जात नाही."

लाल कड अजून हलतेय. कन्व्हर्जन्सचं काम तुम्ही हातात घ्याल का? टीव्ही टेम्पोत घालून कोल्हापूरला आणायची माझी तयारी आहे.

सोल्डरगन (कोल्हापूर)

टीव्ही हलवू नका, धक्क्याने आरसा आणि ट्यूब जागच्या सरकतात. रविवारी मीच येतो. मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर तेवढा कळवा. बहुतेक एसटीके३९२ मालिकेतले आयसी असतील, येताना अस्सल बघून आणतो.