मदत हवी आहे: अळीवाचे लाडू वळतच नाहीयेत, चिकट गोळा झालाय, वाचवता येईल का?

बायकोची डिलिव्हरी होऊन अठरा दिवस झालेत, आम्ही बंगळूरला. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे तिला सांगलीहून येता आलं नाही, म्हणून तिने डिंक, खारीक आणि अर्धा किलो अळीव कुरियरने पाठवलं आणि फोनवर म्हणाली लाडू तूच कर, त्यात काय अवघड आहे. प्रमाण विचारलं तर "अंदाजानं घाल रे". माझा अंदाज म्हणजे एका नारळाला दोन वाट्या अळीव 😐 रात्री मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून भिजवलं, सकाळी बघतो तर झाकण वर उचललेलं, ओट्यावर ओघळ, आणि आत तळ्यात बेडकाची अंडी असतात ना, प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत काचेसारखं, अगदी तसं. तरी गूळखोबरं घालून पाऊण तास ढवळत बसलो. लाडू वळला की ताटात बसतो, आणि चव मोहरी चावल्यासारखी झणझणीत.

प्रमाण काय घ्यायचं? भाजायचं असतं का? बाळंतिणीला दिवसाला किती लाडू चालतात? आणि ह्या गोळ्याचं काय करू, टाकवत नाहीये.

खवलेला नारळ:
अहो दोन वाट्या अळीवात आख्ख्या वाड्याचे लाडू होतील! पाव वाटी पुरतं एका मोठ्या नारळाला. अळीव नावाला असतं, लाडू खोबऱ्याचाच असतो. नारळ फोडताना पाणी वाटीत धरून ठेवा आणि त्यातच भिजवा, कमी पडलं तर थोडं दूध घाला, पण दुधाचे लाडू टिकत नाहीत. दोनतीन तास बास, रात्रभर कशाला. मग दोन अडीच वाट्या ओलं खोबरं आणि दीड वाटी चिरलेला गूळ घालून सगळं कालवून तासभर झाकून ठेवायचं, गुळाला पाणी सुटतं. नंतर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहायचं, कडा सोडून मधे गोळा यायला लागला की उतरवा, जायफळ किसून घाला आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच वळा. भाजायचं नाही, भाजलं तर नीट फुगत नाही. बाहेर दोन दिवस, फ्रिजमधे आठवडाभर.

पुणेरी खडूस:
अळीव नाही हो, अहळीव. असो. झणझणीत लागणारच, मोहरी, मुळा, कोबी ह्यांच्याच कुळातलं आहे ते. तुमच्या गोळ्याला झाकायला खोबरंच नाही म्हणून जास्त कळतंय.

लेस्टरची काकू:
आमच्याकडे गुजराती दुकानात असेळियो म्हणून मिळतं. आणि गंमत म्हणजे इथले लोक अंड्याच्या सँडविचमधे जी बारीक हिरवी पानं घालतात ना ती ह्याचीच रोपं! उरलेल्यातलं चमचाभर ओल्या कापसावर पसरा, दोनतीन दिवसात कोंब येतात. तो गोळा टाकू नका, डबीत भरून फ्रीजरला ठेवा. रोज कपभर दूध उकळून गॅस बंद करा आणि त्यात एक चमचा कालवा, की खीर तयार. गोळ्यात गूळ आहे ना, गॅस चालू असताना घातलात तर दूध फाटतं.

रानफूल:
माझी आजी मुरगळलेल्या पायावर भिजवलेल्या अळीवाचा लेप लावायची. सूज उतरायची का ते माहीत नाही पण गार वाटायचं.

ताक भात:
किती द्यायचे ते विचारलंत, आमच्याकडे सकाळी एकच देतात. सगळे "भरपूर लोह" म्हणतात म्हणून सांगते, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम अळीवात 100 मिलिग्रॅम लोह दिलंय खरं, पण 100 ग्रॅम खातंय कोण? पाव वाटीत बारा पंधरा लाडू झाले तर एकात तीनचार ग्रॅम बी जातं. म्हणजे तीनचार मिलिग्रॅम, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती बंद करू नका, लाडू वेगळा आणि औषध वेगळं. दिवस गेलेल्या बाईला मात्र अळीव देत नाहीत, कोणी पाहुणी येणार असेल तर लक्षात ठेवा. मिसेसना थायरॉइड वगैरे नाही ना?

धागाकर्ता:
आहे! रोज सकाळी उपाशीपोटी गोळी असते. आता हे काय नवीन?

ताक भात:
घाबरू नका. कोबी मुळ्याच्या कुळातलं म्हणून थायरॉइडवाल्यांनी ते रोज खायच्या आधी विचारावं इतकंच. डॉक्टरांना एक मेसेज टाका.

धागाकर्ता:
अपडेट. डॉक्टर म्हणाल्या एखादा लाडू चालेल पण रोजचा नेम नको, आणि गोळीनंतर लगेच नाही, दुपारी खा. काल नारळपाण्यात पाव वाटी भिजवून केले, चौदा झाले, मस्त वळले. आईने व्हिडिओ कॉलवर बघून फक्त "जरा मोठे झालेत" म्हटलं. ते कापसावर पेरायचं पण केलंय, खिडकीत ताटली ठेवलीय. काकू, पाणी रोज शिंपडायचं का एकदाच?

लेस्टरची काकू:
कापूस सुकू देऊ नका, बस. तळं नको करू, तुझा पाण्याचा अंदाज बघितलाय आम्ही 😄