उत्क्रांती, मेंदू, विश्व: सगळं बिटमध्येच मोजायचं का?

कुतूहलराव:
1948 साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संदेशवहनाचं गणित मांडलं. दोन सारख्याच शक्यतांपैकी नेमकी कोणती हे कळलं, की 1 बिट माहिती मिळाली. एवढंच! पण वाचत गेलो तसं माझं मत पक्कं होत गेलं की सगळ्याच्या मुळाशी माहिती आहे, पदार्थ नंतर. डीएनएत अक्षरं चार, म्हणजे एका जागेला 2 बिट. माणसाच्या जीनोमच्या (म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएच्या) एका प्रतीत साधारण 3 अब्ज अक्षरं, म्हणजे 6 अब्ज बिट, जेमतेम पाऊण जीबी. उत्क्रांती म्हणजे परिसराची माहिती जीनोममध्ये उतरत जाणं, मेंदू तेच काम क्षणात करतो. कृष्णविवराची एन्ट्रॉपीसुद्धा (म्हणजे आतलं किती आपल्याला कळत नाही याचं माप) त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असते, हे भौतिकशास्त्रज्ञ बेकेन्स्टाइनने सत्तरच्या दशकात मांडलं. म्हणजे विश्वसुद्धा माहितीच. बोला.

तिरपागडा:
साफ असहमत. कांद्याच्या जीनोममध्ये साधारण 16 अब्ज अक्षरं आहेत, आपल्या पाचपट. (नाकाने कांदे सोलतोय असं वाटेल, पण मुद्दा खरा आहे.) नुसते बिट मोजून हाती काय लागलं?
दुसरं उदाहरण. बीटा-ग्लोबिनच्या (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग) जनुकात एकाच जागी 'ए'ऐवजी 'टी' येतो. अशी एक प्रत असेल तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, दोन्ही प्रती तशा असतील तर सिकलसेलचा आजार. जिथे मलेरियाच नाही तिथे फायदा शून्य. अक्षर तेच, बिट तेवढेच! अर्थाचा इथे संबंध नाही, हे शॅननने आपल्या निबंधाच्या पहिल्याच पानावर सांगून टाकलंय.

कुतूहलराव:
म्हणून तर नुसते बिट मोजत नाहीत, परस्पर-माहिती मोजतात, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीबद्दल किती कळतं ते. एखाद्या प्रदेशातल्या लोकांत तो 'टी' किती जणांकडे आहे ते सांगा, तिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता का याचा बरा अंदाज बांधता येईल. परिसर जीनोममध्ये उतरला तो असा.

तिरपागडा:
मग ती माहिती लोकसमूहात झाली, डीएनएच्या रेणूत नाही. 'सगळ्याच्या मुळाशी माहिती, पदार्थ नंतर' हे तुमचं म्हणणं तिथेच पडलं.

जुनी दुर्बीण:
दोघेही आकड्यांवरून भांडताय, म्हणून एक प्रयोग सांगते. माझा अतिशय आवडता.
1981 साली सायमन लाफलिनने निसर्गातल्या दृश्यांमध्ये उजेड-अंधाराचे कोणते फरक किती वेळा दिसतात ते मोजलं. मध्यम फरक सतत, टोकाचे क्वचित. आता माशीच्या डोळ्यातली एक पेशी घ्या. तिच्या विद्युत प्रतिसादाला वर-खाली मर्यादा आहे. तेवढ्या पट्टीत जास्तीत जास्त माहिती बसवायची तर नेहमी दिसणाऱ्या फरकांना पट्टीचा मोठा भाग द्यायचा, क्वचितच्यांना थोडक्यात उरकायचं, म्हणजे पट्टीवरची प्रत्येक पायरी सारखीच वापरली जाते. या हिशोबाने जी वक्ररेषा यायला हवी तिच्यावर त्या पेशीचे खरे प्रतिसाद जवळजवळ बरोबर बसले. पेशीला हात न लावता, नुसतं बाहेरचं जग मोजून, ती कशी वागेल हे सांगता आलं!
म्हणून मेंदूच्या बाबतीत मी कुतूहलरावांच्या बाजूने. विश्वाच्या बाबतीत नाही. शॅननच्या गणिताला संभाव्यता लागतात, आणि त्या ठरवायला काय काय घडू शकतं याची यादी लागते. अख्ख्या विश्वाची यादी कोण करणार?

कुतूहलराव:
माशीबद्दल धन्यवाद, माहीत नव्हतं. पण भौतिकशास्त्रज्ञ लँडावरचं काय? 1 बिट पुसायला किमान ठरावीक ऊर्जा लागतेच, हे त्याने 1961 मध्ये सांगितलं. खोलीच्या तापमानाला सुमारे 3×10⁻²¹ जूल. 2012 मध्ये लेसरने धरलेल्या सूक्ष्म मण्यावर ते तपासलंही गेलं. माहिती हवेत तरंगत नसते.

तिरपागडा:
अहो, हे माझ्याच बाजूचं झालं की! बिट पुसायला मणी लागला, लेसर लागला, उष्णता बाहेर पडली. पदार्थ आधी आला, बिट त्याच्यावर लिहिला गेला. आणि आपला सिद्धांत उठसूट सगळ्याला लावू नका, असं खुद्द शॅननने 1956 मध्येच बजावलं होतं.

जुनी दुर्बीण:
बजावलं होतं खरं, पण इतर क्षेत्रांत तो उपयोगी पडेल असंही त्याच लेखात म्हटलंय. अर्धंच सांगू नका.

कुतूहलराव:
ठीक. विश्वाचं तूर्त मागे घेतो. कृष्णविवराचं नाही.